आधी सांग, मग काप

कोपऱ्यावरच्या शिवणाच्या दुकानातल्या बाईला सगळे मास्तरीण म्हणतात. दहावीला दोनदा आपटलेली, तिला मास्तरीण म्हणायचं म्हणजे कमालच. पण कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून ही मास्तरीण. वीस वर्षांत तिच्या हातून एक कापड वाया गेलं नाही. कात्री लावण्याआधी ती मोठ्यानं सांगते, आता पाठ कापते, मग बाही. गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याशी बोलतेय. ती आपली कापडाशी बोलत असते.

ही खोड बालवाडीतली. तिथल्या बाईंकडे पंधराच मुलं. कुणी ठोकळ्यांना हात घातला की बाई शेजारी मांडी घालून बसायच्या. काय करणार ते आधी सांग. करून झालं की, काय झालं ते सांग. मनोरा पडला तरी रागावणं नाही, फक्त सांगायचं.

त्या बालवाडीतली मुलं पुढे कशी निघाली, हे बघायला पस्तीस वर्षांनी एक पाहणीवाली येणार, असा निरोप आला आणि मास्तरीण धास्तावली. आपली दहावी कागदावर चढली तर बाईंच्या कष्टांचं मातेरं झालं असंच दिसणार. बाई आता थकल्यात, घरीच असतात. त्यांच्या कानावर हे कशाला? पास झाले म्हणूनच सांगायचं, असं तिनं ठरवलं आणि सासूबाईंनाही बजावून ठेवलं. काजं-बटणं करता करता सासूबाई म्हणाल्या, चाळिशीला टेकलीस आणि बालवाडीच्या निकालाला घाबरतेस होय?

पाहणीवाली आली, स्टुलावर बसली. घर, मुलं, तब्येत, दुकान, सगळं विचारून झालं. मग शिक्षण.

मास्तरणीनं खडू खाली ठेवला. तोंडाला लागलेली सवय ती, आवरते कुठली!

"आता मी खोटं सांगणार आहे," ती म्हणाली.

सासूबाईंच्या हातातली सुई तशीच राहिली, मग त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मास्तरीण कानापर्यंत लाल झाली.

"दोनदा नापास," तिनं सांगून टाकलं. "पण ते माझ्या नावावर लिहा हं, बाईंच्या नको."

पाहणीवालीनं नापास लिहिलं. मग विचारलं, हे आधी सांगायचं कुठून आलं? तेव्हा मास्तरणीनं ठोकळे सांगितले, मनोरा सांगितला, बाईंची मांडी सांगितली. पाहणीवालीला पान उलटावं लागलं. एकट्या तुमच्यावरून काही ठरत नाही, ती म्हणाली, सगळ्यांचं एकत्र करून बघायचं असतं. पण नुसते मार्क बघायला आम्ही आलो नाही. एवढ्या वर्षांनी अंगात काय उरलं, ते बघतोय.

ती गेली. मास्तरणीनं पुन्हा खडू उचलला.

सासूबाईंनी दोरा तोडला. "झालं ना? मग काय झालं ते सांग."

"खरं बोलले," मास्तरीण म्हणाली. "आणि बाईंचं काही बिघडलं नाही. उद्या जाऊन त्यांनाच सांगून येते."