हीटरपाशी ठेवलेले ट्यूलिप

मत्सर हा शब्द मला पुस्तकी वाटतो. मला जे होत होतं त्याला सरळ जळणं म्हणतात, आणि मी जळत होते ती खालच्या मजल्यावरच्या नाशिकच्या बाईवर. जपानमध्ये, फुनाबोरीतल्या आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच, तिचं आणि माझं. त्यामुळे कढीपत्त्यापासून शाळेच्या चिठ्ठ्यांपर्यंत आमची सगळी देवाणघेवाण चाले. बिघडलं ते ऑक्टोबरात, तिने माझ्या मुलीला आपल्या बाल्कनीतल्या बागेचा आराखडा काढायला बसवलं तेव्हा.

माझी मुलगी चौथीत. तुळशीला पाणी घाल म्हटलं की ‘मेंदोकुसाई’ म्हणते, म्हणजे कोण कटकट करणार! मी मराठीत विचारायचं आणि तिने जपानीत उत्तर द्यायचं, हे ठरूनच गेलं होतं. तीच मुलगी खालून परत आली ती रंगवलेला कागद नाचवत, आणि चक्क मराठीत बोलत.

“आई, एकाच कुंडीत तीन थर! तळाला ट्यूलिप, मध्ये डॅफोडिल, वर क्रोकस. आत्ता लावायचं, आणि थंडीत काहीच दिसत नाही. मावशी म्हणाली.”

मावशी म्हणाली, मावशी म्हणाली. ऐकून ऐकून कान किटले. पोरीने घरात मराठी बोलावं म्हणून मी काय काय नाही केलं, गोष्टी सांगितल्या, रागावले, लाच दिली. आणि त्या बाईने कांद्यासारख्या दिसणाऱ्या चार कंदांवर ते काम उरकलं.

मग मीही होम सेंटरला गेले. तिच्यापेक्षा मोठ्या कुंड्या आणल्या, ट्यूलिपचे तिच्यापेक्षा महागातले कंद आणले. “चल, आपण लावू,” असं मुलीला म्हटलं. तिने टॅबवरून मान वर केली नाही. “मावशीकडे लावले की,” म्हणाली. मी एकटीनेच माती भरली.

मी पुण्यात वाढलेली. इथली थंडी सुरू झाली की घरातल्या प्रत्येकाला एकावर एक कपडे चढवते, कुणाला नको असले तरी. कुंड्यांचंही तेच केलं. डिसेंबरात बाल्कनीचं दार ओढून घेताना त्या गारठलेल्या वाटल्या, म्हणून उचलून आत आणल्या आणि हीटरपाशी मांडल्या. जानेवारीत माझ्या कुंड्यांत हिरवेगार कोंब, तिच्या कुंड्यांत नुसती माती. मला काय आनंद झाला! त्याची लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. तिला मुद्दाम चहाला बोलावलं.

तिने कोंब पाहिले आणि कप खाली ठेवला. “अगं, बाहेर ठेव यांना. चांगली थंडी मिळाल्याशिवाय ट्यूलिप फुलत नाहीत.”

“बघू की,” मी हसून म्हटलं. हिला माझं पुढे गेलेलं बघवत नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. कुंड्या हीटरपाशीच राहिल्या.

मार्चमध्ये तिच्या नवऱ्याचं पोस्टिंग संपलं आणि ते कुटुंब नाशिकला परत गेलं. जाताना ती आपल्या कुंड्या देऊन गेली, मला नाही, माझ्या मुलीला. मुलगी तिच्या कमरेला मिठी मारून जी रडली, तशी माझ्यासाठी कधी रडल्याचं मला आठवत नाही.

एप्रिलमध्ये माझ्या बाल्कनीत तिचे ट्यूलिप फुलले, गुलाबी आणि पांढरे, अगदी कागदावर काढले होते तसे. शेजारच्या जपानी आजींनी मला थांबवून कौतुक केलं. मी वाकून आभार मानते न मानते तोच मुलगी जपानीत म्हणाली, “आईचे नाहीत हे. मावशीचे आहेत.” थंडी सरल्यावर बाहेर काढलेल्या माझ्या कुंड्यांत लांबलचक मरगळलेली पानं होती. एकुलती एक कळी त्या पानांतच वाळून गेली होती.

रविवारी मुलीने नाशिकला व्हिडिओ कॉल लावला. ती बाल्कनीत, मी आत, कपड्यांच्या घड्या घालत. दार उघडंच होतं. एकेका फुलावर फोन धरून झाल्यावर पलीकडून आवाज आला, “आणि आईचे कसे आलेत गं?”

मुलीने माझ्या कुंड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घालून घडी पुन्हा मोडली.

“आईचे उशिरा येणारे आहेत,” ती म्हणाली, स्वच्छ मराठीत, आणि माझ्या कुंड्या दिसू नयेत म्हणून त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

माझी एवढीशी पोर मला सांभाळून घेत होती. त्यापेक्षा दोघी मिळून मला हसल्या असत्या तर मला चाललं असतं.