अंड्याऐवजी बटाटा

आमचे हे जादूगार आणि मी पेटीतली बाई. लग्न झाल्यापासून तेच. ऑस्ट्रेलियात आलो तरी व्हॅनमध्ये सामान टाकून गावोगावच्या क्लबांत आमचे प्रयोग चालूच. ह्यांनी करवत चालवायची, मी पाय आखडून हसत पडायचं. मग ह्यांचे हात थरथरायला लागले. पत्ते भर स्टेजवर खाली पडायचे. हे म्हणाले, "बास. व्हॅन विकून टाकू."

मी म्हटलं, "विकायची नाही. आता प्रयोग मी करते."

"तू?"

"हो, मी! इतकी वर्षं पेटीत काय झोपा काढल्या?"

माझा पहिला प्रयोग ठरला स्प्रिंगफील्ड लेक्सच्या मराठी मंडळींच्या गणपतीत. पिशवीतलं अंडं गायब करायचं नि परत आणायचं, हा खेळ माझ्या हातात पक्का बसलेला. पिशवीच्या आतला चोरकप्पा मीच शिवलेला होता ना! पण स्टेजमागे मी अंडं काढलं मात्र, कार्यक्रमाची व्यवस्था बघणारी मुलगी किंचाळलीच.

"काकू, अंडं? बाप्पासमोर?"

"अगं, लाकडाचं आहे."

"असू दे, दिसतं अंडंच ना! पहिल्या रांगेत सगळ्या आज्या बसल्यात."

तिनं लिंबू पुढं केलं. म्हटलं, नको बाई, लिंबू गायब केलं तर म्हणतील ही करणी करते. हे कोपऱ्यातून म्हणाले, "राहू दे, रद्द कर." ते ऐकलं आणि मी तडक हॉलच्या किचनमध्ये गेले. तिथं प्रसादाची भाजी चालली होती. अंड्याएवढा एक बटाटा उचलला. बटाटा उपासालाही चालतो, कोण काय बोलणार?

पण बटाटा जड. स्टेजवर रिकामी दाखवायला पिशवी उलटी केली तर कप्पा लोंबायला लागला. एक चिमुरडी ओरडली, "आय कॅन सी इट!" पण मी पिशवी सरळ करून कप्पा बाहेरूनच मुठीत दाबला आणि तिलाच वर बोलावलं. "ये, घाल हात." तिनं कोपरापर्यंत हात घालून चाचपलं.

"एम्प्टी," एवढंसं तोंड करून म्हणाली. मग तिच्या नाकासमोर मी बटाटा काढला. आज्यांनी काय टाळ्या वाजवल्या म्हणून सांगू!

परतताना ह्यांनी कौतुक केलं नाही, नवराच तो. म्हणाले, "पिशवी फार छातीशी धरतेस. रोज आरशासमोर तालीम करायची."

"करीन. आणि व्हॅनचं काय?"

हे म्हणाले, "टायर बदलायला झालेत."