दोनदा टाइप करणारे काका

"बघू, काय म्हणायलंय," असं म्हणून काका एंटर दाबायचे आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन पडद्याकडे बघत बसायचे.

पूर्णा स्टेशनसमोर त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. शेजारी माझं झेरॉक्सचं. तुम्ही कधी त्या बाजूला उतरला असाल, तर लग्नपत्रिका नाहीतर अर्ज टाइप करणारा हा उंच, वाकलेला माणूस पाहिलाही असेल.

काकू होत्या तोवर गिऱ्हाइकाचा कागद त्या मोठ्यानं वाचायच्या आणि काका पडद्यावर ओळ न् ओळ तपासायचे. काकू गेल्या. मग काका प्रत्येक मजकूर दोनदा टाइप करू लागले. दोन फाइली झाल्या की काळ्या पडद्यावर एक छोटी कमांड द्यायचे. कॉम्प्युटर दोन्ही ताडून बघायचा आणि फरकाच्या ओळी तेवढ्या दाखवायचा. फरक नसला तर काहीच उमटायचं नाही.

"गप बसलं म्हणजे बरोबर हाय," काका म्हणायचे.

"काका, मी वाचते की," मी एकदा म्हटलं.

"तुझी गिऱ्हाइकं उभी हायेत, पोरी."

एका उन्हाळ्यात चुडाव्याच्या एका शेतकऱ्याच्या मुलीची पत्रिका आली. काकांनी दोनदा टाइप केली, ताडली. पडदा कोराच. पत्रिका छापून गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी मुलीचे वडील त्या घेऊन परत आले.

"नवरीच्या आईचं नाव शांता हाय, काका. ह्या कुसुमबाई कोण?"

काकांनी दोन्ही फाइली उघडल्या. दोन्हींत कुसुमच होतं. चष्मा काढून ते बराच वेळ पुसत राहिले.

"आमच्या घरातलं नाव हाय," ते म्हणाले. "दोन्ही खेपेला तेच आलं बघा."

ते गृहस्थ बाकावर टेकले. "असू द्या. लग्नाला वेळ हाय अजून."

त्या दुपारी काकांनी मला आपणहून हाक मारली. "जरा येतीस का? वाचून दाखव."

तेव्हापासून गर्दी ओसरली की मी वाचायची. मी लय घाई करते, अशी त्यांची कायमची कुरकुर. पण चहा दोन कप मागवायचे.

दिवाळीनंतर मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. सुरुवातीला फोन यायचे. "माझ्या दुकानात आता कोण बसतंय?" मी सांगायची, मोबाइलची कव्हरं विकणारा. पुढं फोन थांबले.

मागच्या महिन्यात मीच लावला. सुनेनं उचलला. "बाबा आता फारसं कुणाला ओळखत नाहीत. कानाशी धरते, तुम्ही बोला."

"काका, आज नांदेडची गाडी उशिरा आलीय," मी म्हटलं. "बाहेर लय गर्दी हाय."

पलीकडे टीव्ही चालू होता. त्यांचा श्वास ऐकू येत होता. गिऱ्हाईक येईपर्यंत मी बोलत राहिले.