डावीकडचा खटका

वकिलीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. रानातून आल्यावर साडीला कुसळं चिकटलेली असतात ना, तसं आहे हे. निवांत बसलं की टोचायला लागतात! मला तर तसंही एका जागी बसवत नाही. लातूर-नांदेड एसटीत सीट मिळाली तरी मी अर्ध्या वाटेत उठून उभी राहते. कंडक्टर आता विचारत पण नाहीत.

माझं काम पेटंट, कॉपीराइट, सॉफ्टवेअरच्या भांडणांचं. कुणी काय बनवलं, कुणी कुणाचं चोरलं, हेच दिवसभर.

*

बाररूममध्ये माझं नाव "कॉम्प्युटरच्या वकीलबाई". सुरुवातीला एक सीनिअर, फौजदारीतलं मोठं प्रस्थ, माझ्या टेबलाशी आले. वाटलं, चला, मोठी केस आली!

"बाई, आमचा प्रिंटर कागद गिळून राहिलाय. जरा बघता का?"

बघितला. नेमका नीट झाला. तिथंच चुकलं माझं. तेव्हापासून केस एखादी येते, प्रिंटर रोज.

*

एका ॲपच्या चोरीचा दावा दाखल करायला गेले, तर क्लार्कनं कागद परत सरकवले.

"चतुःसीमा न्हाईत लिहिल्या."

"अहो दादा, सॉफ्टवेअरचा दावा आहे! शेत नाही ते."

"असू द्या की. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, लिहावं लागतंय. रकाना रिकामा चालत न्हाई."

अर्धा तास डोकं फोडलं. शेवटी चारही दिशांना "लागू नाही" लिहून दिलं. गडी खूश! शिक्का मारत म्हणाला, "बघा, मनावर घेतलं की जमतंय."

*

त्याच केसमध्ये समोरच्या वकिलांनी हरकत घेतली. म्हणे, ॲपचा कोड इंग्रजीत आहे, मराठी भाषांतर द्या. कंधारचे एक रिटायर्ड मास्तर भाषांतराला बसवले. दोन दिवसांनी त्यांचा फोन.

"वकीलबाई, साठ पानं झाली. अजून एक बी माणूस आला न्हाई यात! गोष्ट सुरू कधी व्हायची?"

*

आता उदगीरच्या गफूरभाईंचं सांगते. ही केस माझ्या जिवाला लागली होती.

गफूरभाई डाळमिलची मशीनं बनवतात. एका बड्या कंपनीनं त्यांच्यावरच दावा ठोकला, की यानं आमचं मशीन चोरलं. कंपनीच्या पेटंटची सगळी मदार एका गोष्टीवर. डाव्या बाजूला एक खटका, तो ओढला की जाळी बाहेर. नटबोल्ट खोलायची कटकट नाही. हा खटका आधी गफूरभाईंनी काढला हे दाखवता आलं नाही, तर मनाई हुकूम येणार आणि वर्कशॉपला टाळं लागणार.

"कंपनीला तुमचं मशीन कळलं कसं?" मी विचारलं.

"त्यांचा इंजिनियर आला होता की. सगळं खोलून दाखवलं."

"का दाखवलं?"

"मेहमान होता, मॅडम! जेवून गेला."

मी कपाळाला हात लावला. "बरं, जुना कागद? फोटो? नकाशा?"

"कागद कशाला? मशीन हाय की."

जुनी मशीनं भंगारात गेलेली. म्हणजे हातात काहीच नाही! वकीलपत्रावर त्यांनी डाव्या हातानं सही केली आणि म्हणाले, "मॅडम, तो खटका म्हंजे—"

"नंतर, भाई! मी सांगेन तेवढंच बोलायचं." पक्षकार बोलला की केस बिघडते, ही माझी जुनी धास्ती.

*

पहिल्याच तारखेला जजसाहेब त्यांच्यावर कडाडले. "कोर्टात खिशात हात घालून उभे राहता?"

गफूरभाईंनी उजवा हात खिशातून काढला आणि झटकन पाठीमागे नेला. मी बाहेर येऊन त्यांना झापलं. "काय हा तोरा, भाई? जजसमोर?"

"माफ करा. मॅडम, तो खटका—"

"नंतर म्हटलं ना!"

किती वेळा म्हटलं असेल, मोजलं नाही.

*

मग कोर्टानं कमिशनर नेमले. दोन्ही मशीनं बघून रिपोर्ट द्यायचा. उदगीरच्या वर्कशॉपमध्ये दोन्ही शेजारी मांडली. इकडं कंपनीचा इंजिनियर टाय लावून, तिकडं गफूरभाई, हात खिशात. मी चहावर चहा पीत येरझाऱ्या घालत होते.

कमिशनर वयस्कर वकील. त्यांनी कंपनीच्या मशीनचा खटका ओढून बघितला. उजवा हात तिथवर नेताना कंबर वाकडी झाली.

"अहो, हा उजवीकडं का नाही दिला? सगळी माणसं उजव्या हातानंच काम करतात की!"

इंजिनियर घुटमळला. "सर, ते... रिसर्चमधून आलंय."

"कसला रिसर्च?"

इंजिनियरनं फाईल उघडली. पानं उलटली. परत उलटली. मग मिटली.

कमिशनर वळले. "तुम्ही सांगा भाई. तुमच्या मशीनला डावीकडं का?"

सवयीनं माझ्या तोंडून निघालंच, "भाई, तुम्ही गप्प—"

गफूरभाईंनी खिशातून उजवा हात काढला आणि खटक्याशेजारी मशीनवर ठेवला. अंगठा होता, करंगळी होती. मधली तीन बोटं नव्हती. जखम इतकी जुनी की कातडी पार गुळगुळीत झालेली.

मग ते माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "मॅडम, आता बोलू का?"