पाठवणीची चाल आणि डाळीची जाहिरात

मी धुळे सोडलं त्या सकाळी नाना मला बसस्टँडवर सोडायला आले ते बँडच्या ड्रेसमध्ये. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, बगलेत क्लॅरिनेटची पेटी. मला पुण्याच्या गाडीत बसवून त्यांना थेट पिंपळनेरला लग्नाला जायचं होतं, म्हणून घरूनच तयार होऊन निघाले होते. स्टँडवर जो तो विचारत होता, "मास्तर, वरात कोणाची?" नाना मान हलवायचे आणि माझ्याकडे बोट दाखवायचे. मला भयंकर लाज वाटत होती. गाडी कधी सुटते आणि हा लाल कोट नजरेआड कधी होतो, असं झालं होतं. गाडी हलली तेव्हा ते खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "पोचनी का फोन करजो."

बाकी काही नाही. नानांना बोलता येत नाही असं नाही, पण त्यांचं बोलणं बहुतेक क्लॅरिनेटमधून होतं आणि उरलेलं बँडवाल्यांना शिव्या देण्यात संपतं.

आमचं घर देवपूरला, दोन खोल्यांचं. त्यातली एक आमची आणि एक बँडची. माळ्यावर ढोल, भिंतीला टांगलेली पितळी वाद्यं, आणि लगीनसराई जवळ आली की चिंच लावून ती घासायची, की घरभर आंबट वास. मी पाच वर्षांची असताना आई गेली. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी अक्का, तिनंच मला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पाठवलं, आणि मग लग्न होऊन ती भडगावला गेली. मी तेव्हा सात वर्षांची. त्या लग्नातलं मला फारसं आठवत नाही. नवा फ्रॉक टोचत होता हे आठवतं आणि मंडपात कुणीतरी मला जिलबी देऊन गप्प केलं होतं, हे आठवतं.

नानांच्या बँडची एक चाल होती. नवरी निघाली की ती वाजायची. बाकी सगळ्या वेळी फिल्मी गाणी, ज्याची फर्माईश येईल ते. पण मुलगी आईच्या गळ्यात पडली की नाना ढोलवाल्यांना हातानं थांबवायचे आणि एकट्या क्लॅरिनेटवर ती चाल धरायचे. शब्द नव्हते तिला. चार ओळींची, शेवटच्या ओळीत सूर वर जातो आणि तिथेच जरा घुटमळतो. भल्याभल्या मिशावाल्या मामांना मी त्या घुटमळण्यावर रडताना पाहिलंय. पुढे पिंपळनेरचा बँड ती वाजवायला लागला, साक्रीचा वाजवायला लागला. बँडवाल्यांत हे असंच. एकानं वाजवलं, दुसऱ्यानं ऐकलं, की झालं. कुणी कुणाला विचारत नाही, आणि ही माझी चाल म्हणून कुणी छातीही पुढे काढत नाही. तसं कुणी म्हटलंच तर बाकीचे त्याला हसतील.

मला कीबोर्ड वाजवता यायचा, ऐकलेलं तसंच्या तसं उचलता यायचं. पण पोरीनं वरातीत वाजवायचं, हे नानांनाही झेपलं नसतं. म्हणून पुणं. एका स्टुडिओत आधी केबल गुंडाळायचं काम, मग एडिटिंग, आणि मग धायरीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतींना फोम चिकटवून माझा स्वतःचा धंदा: कंपन्यांना जाहिरातीसाठी चाली विकणं. आमच्या लाइनीत त्याला पिच म्हणतात. कंपनी ब्रीफ पाठवते, म्हणजे आम्हाला असं असं हवंय हे लिहून कळवते, आमच्यासारखे पाच-सात जण तीस तीस सेकंदांचे डेमो पाठवतात, एकाचा घेतात, बाकीच्यांना उत्तरसुद्धा देत नाहीत. पंख्यांसाठी पाठवलं, पतसंस्थांसाठी पाठवलं, एका गुडघेदुखीच्या तेलासाठी तर अकरा डेमो पाठवले. तिथला माणूस प्रत्येक वेळी म्हणायचा, "छान आहे, पण गुडघा जाणवत नाहीये." गुडघा कसा जाणवतो ते मला अजून कळलेलं नाही.

पुण्यात मी माझी भाषा पहिल्या महिन्यातच गुंडाळून ठेवली होती. एकदा बोलता बोलता "सगळं"च्या जागी "बठ्ठा" निघून गेलं आणि सगळा स्टुडिओ हसला. तेव्हापासून मी इतकी स्वच्छ बोलू लागले की नाना फोनवर म्हणायचे, "बँकमाईन बोली ऱ्हायनी का?" गावी जाणं दिवाळीपुरतं उरलं. नवीन माणसाला मी सांगायचे, नाशिकच्या पुढे. खोटं नव्हतं, पण धुळे हे नाव तोंडातून काढायला मला दोन वर्षं लागली.

आणि मग जळगावच्या एका डाळवाल्यांचा ब्रीफ आला. त्यात लिहिलं होतं: खान्देशच्या मातीतला, अस्सल, घरचा वाटेल असा सूर. मी वाचून हसले. जे लपवत होते तेच मागायला आले होते. मला दोन मिनिटंसुद्धा विचार करावा लागला नाही. मुलगी सासरहून माहेरी येते आणि आई तिला डाळभात वाढते, अशी जाहिरात होती. जायची चाल मी यायची करणार होते, एवढाच फरक.

मी नानांना फोन केला. केला, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मी स्वतःला बरेच दिवस तेवढ्यावरच धरून ठेवलं. विचारलं, "नाना, ती पाठवणीची चाल आहे ना, ती मुळात कोणाची?"

नाना म्हणाले, "कोनी म्हंजे? बठ्ठाच वाजाडतस."

कशासाठी विचारतेय, ते मी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. मी फोन ठेवला आणि मनात गणित मांडलं: सगळेच वाजवतात म्हणजे कुणाचीच नाही, आणि कुणाचीच नाही तर माझी का नको.

डेमो पहिल्या फटक्यात पास झाला. सही करायच्या कागदावर रकाना होता, चाल कोणाची. मी विचारलं, पारंपरिक लिहू का? तर एजन्सीचा माणूस म्हणाला, पारंपरिक लिहिलंस की लीगलवाले शंभर प्रश्न विचारतील, स्वतःची लिही आणि मोकळी हो. मी चार सूर इकडेतिकडे केले, ठेका बदलला आणि माझं नाव लिहिलं. शेवटच्या ओळीतलं घुटमळणं मात्र तसंच ठेवलं. त्याच्याशिवाय ती चाल उभीच राहत नव्हती.

वर त्यांनी शब्द बसवले, "डाळ शिजली गं, ताट मांडा गं." जाहिरात चालली. चालली म्हणजे काय, दणकून चालली. टीव्हीवर, मोबाईलवर, जळगाव-धुळ्याच्या किराणा दुकानांत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये. मला तीन नवीन कामं मिळाली. आता मी धुळ्याची आहे हे पहिल्याच वाक्यात सांगू लागले, कारण त्याला आता भाव होता. नानांनी फोनवर एकदाच म्हटलं, "आयकी. चांगली शे." मला वाटलं, त्यांना अभिमान वाटला.

वैशाखात अक्काचा फोन आला. तिच्या दिराच्या मुलीचं भडगावला लग्न झालं होतं आणि बँड अर्थातच नानांचा. अक्का आधी इकडचं तिकडचं बोलली, आणि मग म्हणाली की पाठवणीला नानांनी चाल धरली, तर मंडपातली पोरं टाळ्या वाजवून "डाळ शिजली गं" म्हणायला लागली. बायकाही हसल्या. नवरी आईच्या गळ्यात पडलेली होती, तीसुद्धा डोळे पुसत हसली. आणि मुलीचा मामा पुढे येऊन नानांना म्हणाला, "मास्तर, हाई जाहिरातनं नका वाजाडू. काही जुनं वाजाडा."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? नानानी पेटीमा ठी दिधं. दुसराच कोनी फिल्मी गानं वाजाडं."

मी म्हटलं, अगं पण तीच तर जुनी चाल आहे, पारंपरिक आहे, त्या मामाला काय कळतं. अक्कानं मला मध्येच थांबवलं. मग म्हणाली, "तुले माहीत नही का? ती चाल नानानी मना लगीनमा करेल शे. मी निंघनू तवय."

अक्का निघाली तेव्हा नाना बापही होते आणि बँडमास्तरही. मुलीच्या लग्नात दुसऱ्याचा बँड लावणं त्यांना पटलं नव्हतं. ड्रेस अंगावर, क्लॅरिनेट तोंडात, सगळ्या भावकीसमोर रडता येईना. ठरलेलं गाणं वाजेना, आणि जे वाजलं ते हे. मी तिथेच होते, टोचणारा फ्रॉक घालून, आणि मला जिलबी आठवते.

मी दुसऱ्या दिवशी जळगावला गेले. डाळीच्या कंपनीचे मालक म्हातारे गृहस्थ, तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घराणं. त्यांनी मला चहा पाजला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बेटा, तूच लिहून दिलं ना, तुझी आहे म्हणून? आम्ही मानलं. तुझ्या वडिलांना लग्नात वाजवायला आमची काही मनाई नाही. खुशाल वाजवू दे." मी म्हटलं, मनाई नाहीच, पण आता ती कुणाला ऐकूच येत नाही, लोकांना डाळच ऐकू येते. ते म्हणाले, "मग ती आता परत कशी आणणार?" माणूस चांगला होता. मला सोडायला दारापर्यंत आला आणि म्हणाला, नातीचं लग्न आहे, तुझ्या वडिलांच्याच बँडला सुपारी देतो, पाठवणीला तीच चाल वाजवायची बरं का. त्यांना वाटलं, ते माझं दुःख हलकं करताहेत.

तिथून धुळ्याला गेले. नाना ओट्यावर बसून क्लॅरिनेटच्या बटणांना तेल देत होते. मी पाण्याचा पेलासुद्धा न घेता सगळं सांगून टाकलं. कागद, रकाना, माझं नाव. म्हटलं, नाना, मी लिहून दिलं की ती चाल माझी आहे. मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, "तुनी नही त कोनी? तू मन्ही पोर शे ना?"

मला रडू आलं. मी त्यांच्या समोर बसून मोठमोठ्यानं रडले, शेजारीण डोकावून गेली तरी थांबले नाही. नाना तेल देतच राहिले. मग म्हणाले, पुढच्या लगीनसराईला पाठवणीला काहीतरी तर लागेल, म्हणून त्यांनी नवीन चाल धरलीय. ऐकायचीय का?

मी मान हलवली. त्यांनी क्लॅरिनेट जोडलं, पत्ती जिभेवर ओली केली. वाजवायला लागणार तोच थांबले आणि माझ्या हाताकडे पाहिलं.

"आधी तो मोबाईल भाईर ठी ये," ते म्हणाले.

रागानं नाही. दारातल्या चपला नीट लाव म्हणावं, तसं. मी उठले आणि फोन बाहेर नानांच्या स्कूटरच्या सीटवर ठेवून आले. इतकं टोचलं, आणि ते टोचणं अगदी रास्त होतं. मग त्यांनी वाजवलं, दोनदा. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.

माझ्यासारखे जे बाहेर गेलेत त्यांना मी एवढंच सांगेन, घरून काही नेताना ते कोणाचं आहे हे विचारू नका. घरचे म्हणतील, सगळ्यांचंच आहे. कशासाठी नेताय, ते सांगा. आणि जे तिथे राहिलेत, त्यांनी एवढं तरी आम्हाला विचारावं.

या आठवड्यात एका दागिन्यांच्या पेढीचा ब्रीफ आलाय. निरोपाचा सूर हवा, मातीतला, अस्सल. दोन दिवस मी दुसरं काहीतरी जुळवत होते आणि जमत नव्हतं, कारण नानांची नवी चाल मला पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत येते. ऐकलेलं उचलायची सवय जात नाही. ती उत्तम बसली असती. काल मी एक बरा, साधारण डेमो पाठवला. काम बहुतेक मिळणार नाही. कुणी विचारलं की मी आता धायरी हा पत्ता सांगते, धुळे हे गाव सांगते. आणि घर म्हणजे, मला पूर्ण येत असलेली आणि मी कुणालाही न पाठवलेली ती एक चाल.