ध्रुवबाळाचा माल

कापड मिल बंद पडल्यावर काका आमच्या भूगर्भशास्त्र विभागात शिपाई म्हणून आले. मागांच्या खडखडाटात उमर गेलेली, त्यामुळे ‘चहा घ्या, भिया’ हेसुद्धा ओरडून सांगायचे, आणि भिया, म्हणजे भैया, विभागप्रमुखांनाही!

परदेशी विद्यापीठाबरोबरच्या संशोधनासाठी उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातला गाळ आमच्या फ्रीजरमध्ये यायचा. काका त्याला ‘ध्रुवबाळाचा माल’ म्हणत. रोज सकाळी फ्रीजरवर तळहात ठेवून मशीनचा ठेका तपासत.

मे महिन्यात एकदा भरदुपारी लाइट गेली. काका छत्रीबागेतल्या घरून दोन रजया घेऊन आले आणि फ्रीजरला गुंडाळू लागले.

“अहो काका, गरम होईल ना तो!”

“टेन्शन नका घेऊ, भिया. रजई कुठे गरम असते? अंदरचं बाहेर नाही जाऊ देत, बस.”

संध्याकाळी लाइट आली. माल गोठलेलाच होता. खुशीत मी त्यांना आमचं सगळं संशोधन समजावलं. तिकडचा बर्फ वितळत चाललाय, हेही सांगितलं.

पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले, “पण देवाने ध्रुवाला अढळपद दिलं होतं ना?”

मग एकदम खदखदून हसले.

“चालायचंच, भिया. आम्हीपण परमनंटच होतो!”