शेपटाचं शेत

सोलापुरात बसल्या जागी कालवा आणणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो शुक्रवार पेठेत आमच्याच माडीवर भाड्याने राहत होता. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. नातेपुत्याकडच्या या गृहस्थांना आम्ही सर म्हणायचो. त्यांचा कालवा म्हणजे निळा पट्टा ओढलेली एक फळी, कडेने लग्नपत्रिकांच्या पाठीवर रंगवलेली सहा शेतं, आणि पाणी म्हणून चिंचोके. सहा मुलं सहा शेतकरी व्हायची. आपली बारी आली की लागतील तेवढे चिंचोके घ्यायचे, उरलेले पुढे सोडायचे. वरच्यांनी हात मारला की शेवटचं, शेपटाचं शेत वाळायचं. पुस्तकापेक्षा अशा खेळातून मुलांना अपूर्णांक आणि वाटणी लवकर समजते का, हा सरांच्या पीएचडीचा विषय होता. सुरुवातीला पाणी म्हणून फुटाणे होते, पण पहिल्याच फेरीत मुलांनी कालवा खाऊन टाकला.

रॉकेलच्या रांगेत सर डबा पायाशी ठेवून कोण कुठे घुसतो ते वहीत टिपायचे, आणि त्या नादात त्यांचा नंबर जायचा. एकदा मोठ्यांना खेळायला बसवून त्यांनी आमच्या बाबांना पाटकरी केलं, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणारा माणूस. बाबा बँकेत अधिकारी, घरात शिस्तीचे. दहा मिनिटांत त्यांनी समोरच्या वकिलांकडून पानाचा विडा घेऊन वकिलांच्या शेतात चार चिंचोके जास्त सोडले. बाबा ओशाळले, पण सर खूश. "सायेब, लई खरं खेळलात की," असं म्हणून त्यांनी लिहून घेतलं. मुलांना ते प्रत्येक खेळाआधी एकच बजावायचे, "बारी हुकली तर गप बसायचं न्हाय. पुढल्या फेरीला मागायचं."

मी कॉन्व्हेंटात शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. म्हणूनच सरांनी मला दुसरी निरीक्षक केलं असावं. खेळताना मुलं काय बोलतात ते आम्ही दोघांनी वेगवेगळं लिहायचं आणि नंतर ताडून पाहायचं. एकट्याच्या नोंदी संशोधनात धरत नाहीत. प्रबंधाचं टायपिंगही माझ्याकडेच होतं. सहा महिने मी लिहीत होते, आणि खरं सांगायचं तर इतकं आवडीने मी त्याआधी काहीच केलं नव्हतं.

मग प्रबंध तपासायला विद्यापीठाकडून बाहेरचे तज्ज्ञ आले आणि प्रात्यक्षिक ठरलं नेमकं माझ्याच जुन्या शाळेच्या हॉलमध्ये. सर उसना कोट घालून आले. सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून पँटला लावलेला चिमटा काढायला विसरले होते. "शेपटाकडच्यांनी आदी बोलायचं हाय," ते म्हणाले आणि बाकांवरच्या शाळेच्या मुली फिसकन हसल्या. ते हसू माझ्या ओळखीचं होतं. त्या बाकांवर बसून मीही तसंच हसत आले होते. माझ्या जुन्या बाई पहिल्या रांगेत होत्या. तज्ज्ञांनी मला इंग्रजीत विचारलं, "दुसऱ्या निरीक्षक आपणच का?"

"नाही सर," मी चांगल्या इंग्रजीत म्हणाले, "मी फक्त टायपिंग केलं."

सरांच्या पिशवीत माझ्या अक्षरातले कागद होते. ते काढून समोर ठेवले असते तर प्रश्न तिथेच मिटला असता. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीचं बक्कल लावलं. दुसऱ्या निरीक्षकाशिवाय नोंदी धरता येणार नाहीत, सगळे खेळ पुन्हा घ्या, असं ठरलं. सरांचा प्रबंध वर्षभर लांबला.

परत येताना ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले. "उन्हाचं बोलावलं तुमाला, ताई. माजंच चुकलं," एवढंच म्हणाले.

पुढचं वर्षभर एका मास्तरांना बरोबर घेऊन माडीवर खेळ पुन्हा झाले. खाली मला चिंचोक्यांचा आवाज येत राहायचा. मी जिना चढले नाही. पीएचडी मिळाली, मैंदर्गीच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा सर पेढे घेऊन आले. जाताना त्यांनी माझ्या हातात एक रंग उडालेला तुकडा ठेवला, शेपटाचं शेत. पाठीवर नवा पत्ता होता. "काय ऱ्हायलं असलं तर लिवा," ते म्हणाले.

बारी हुकली तर पुढल्या फेरीला मागायची, हा नियम मी माझ्या हाताने कितीदा तरी लिहून घेतला होता. तो तुकडा टाइपरायटरच्या झाकणात आहे. पत्राचा कागद मी अनेकदा चढवते, "प्रिय सर" एवढं टाइप करते, आणि काढून ठेवते.